५०० मीटर, पण कोणते?

नवी मुंबईतलं घणसोली स्टेशन ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला, एमआयडीसीचे कारखाने दुसऱ्या अंगाला. नकाशावर कंपास टेकवून वर्तुळ काढलं, की कितीतरी कंपन्या स्टेशनपासून ‘चालत जाण्याच्या अंतरावर’ येतात. कामगाराला मात्र आधी तो रस्ता ओलांडावा लागतो.

शहराची वाहतूक किती जणांच्या खरोखर हाताशी आहे, हे पाहण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत ११.२.१ क्रमांकाचा निर्देशक आहे. बसथांबा ५०० मीटरच्या किंवा रेल्वे-मेट्रो स्टेशन १ किलोमीटरच्या आत असलेल्या लोकांचं प्रमाण त्यात काढतात. अंतर मोजायचं ते रस्त्यावरून, हवेतून नाही. याने केवढा फरक पडतो पाहा. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस किलोमीटर. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत असतील, तर तेवढंच चालून गाठता येणारा भाग तिरक्या चौकोनाचा होतो: ०.५ चौरस किलोमीटर. म्हणजे ३६ टक्के भाग गळाला! आणि हे गल्ल्यांचं जाळं दाट, अखंड असेल तर. प्रत्यक्षात सोसायट्यांच्या लांबलचक भिंती असतात, मध्येच नाला येतो, मागचं गेट कायम बंद. ते गेट उघडणं हा मला मेट्रोइतकाच गंभीर वाहतूक प्रकल्प वाटतो. खर्च फक्त एका किल्लीचा.

थांबा जवळ असून भागत नाही, बसही यायला हवी. दर १० मिनिटांनी एक, म्हणजे तासाला ६ बस असतील, तर सहज थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी ५ मिनिटं ताटकळावं लागतं. कोंडीत अडकून त्याच ६ बस जोडीजोडीने, दर २० मिनिटांनी आल्या तर १० मिनिटं. आगाराच्या नोंदीत फेऱ्या तेवढ्याच. प्रवाशाची वाट पाहणं दुप्पट.

राहणीमानाचं मोजमाप आणखी वेगळ्या वाटेने करता येतं. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या शेजारशेजारच्या रस्त्यांवरच्या रहिवाशांना विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती? दिवसाला सुमारे २,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर सरासरी ३, तर १६,००० वाहनांच्या रस्त्यावर जेमतेम १. नुसती वाहनं मोजणाऱ्याच्या तक्त्यात मात्र हा दुसरा रस्ताच जास्त कामाचा ठरला असता.