ईथ-० कुठे गेलं?

दिवाळीच्या सुट्टीत रावपुऱ्यातल्या एका कचेरीच्या सर्व्हरमध्ये मी डिस्कसाठी नवं कंट्रोलर कार्ड बसवलं. यंत्र सुरू केलं, तर नेटवर्क गायब. केबल जागची हलली नव्हती. कालपर्यंत ईएनपी३एस० (enp3s0) नाव असलेला इंटरफेस, म्हणजे नेटवर्कची जोडणी, ईएनपी४एस० झाला होता आणि सेटिंग जुन्याच नावाने लिहिलेली. हाताखालच्या मुलाने विचारलं, "काका, पूर्वी इंटरफेसचं नाव साधं ईथ-० (eth0) असायचं, त्यात काय वाईट होतं?"

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, नावं पंगतीसारखी वाटतो: जे नेटवर्क कार्ड आधी सापडेल ते ईथ-०, पुढचं ईथ-१. एकच कार्ड असेल तर काहीच बिघडत नाही. दोन असली आणि ड्रायव्हर सोबतच लोड झाले, की आज पहिलं बसलेलं उद्या दुसरं. एक इंटरनेटकडे आणि दुसरं घरच्या नेटवर्ककडे असेल, तर फायरवॉलचे नियम भलत्याच दारावर लागतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये नाव ड्रायव्हरवरून पडतं, जसं आयजीबी० किंवा आरई०; निदान कार्डाची जात तरी कळते.

पुढे यूडेव्ह, म्हणजे लिनक्समधला उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम, मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि नाव यांची जोडी एका फाइलीत लिहून ठेवू लागला. कार्ड जळून बदललं, की ईथ-० त्या मेलेल्या कार्डासाठी राखीव आणि नवं ईथ-१. व्हर्च्युअल मशीनची नक्कल काढली, मॅक बदलला, की तेच. सेंटओएस ६ या लिनक्सच्या दिवसांत ती फाइल पुसून रीबूट करणं हे नेहमीचंच काम होतं. मूळ दोष मात्र आणखी खोल होता: यूडेव्ह ज्या मालिकेतून नाव द्यायचा, तिच्यातूनच कर्नलही वाटत असे. यूडेव्ह एखाद्याला ईथ-१ देईपर्यंत कर्नलने ते दुसऱ्यालाच दिलेलं असायचं.

डेल कंपनीच्या बायोसडेव्हनेम या प्रोग्रामने नाव कार्डाच्या जागेवरून ठेवलं. फेडोरा १५ या लिनक्समध्ये, २०११ साली, बोर्डावरचं पोर्ट ईएम१ झालं. यूडेव्ह ज्याचा भाग आहे त्या सिस्टमडीच्या जानेवारी २०१३ मधल्या १९७ व्या आवृत्तीने हीच दिशा यूडेव्हमध्ये आणली आणि ईथ ही मालिकाच सोडली: बोर्डावरचं ईएनओ१, स्लॉटमधलं ईएनएस१, नाहीतर पीसीआय बस (कार्डं यंत्राला जोडणारा मार्ग) आणि स्लॉटच्या आकड्यांवरून ईएनपी३एस०. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने ते २०१४ मध्ये घेतलं, डेबियन ९ ने २०१७ मध्ये.

बसचे आकडे मात्र यंत्र सुरू होतानाच ठरतात. मध्ये नवं कार्ड आलं, की पुढचे आकडे सरकतात. रावपुऱ्यात हेच झालं होतं. तिथे मी आता लिंक फाइल (इंटरफेसचं नाव ठरवणारी सेटिंगची फाइल) लिहून मॅकवरून लॅन० हे नाव बांधलं आहे. कार्ड बदलेल तेव्हा ती ओळ बदलावी लागेल, हे त्या मुलाला वहीत लिहून घ्यायला सांगितलं.