साक्षीचे समन्स आले तर: कोकणातल्या कोर्टात जाण्याआधीची तयारी

समन्स हातात पडले की केस नंबर, कोर्टाचे गाव आणि तारीख नीट वाचा. सिंधुदुर्गात जिल्हा न्यायालय ओरोसला; कणकवली, मालवणची कोर्टे वेगळी. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी आदल्या दिवशीच गावी पोचावे, पावसाळ्यात कोकण रेल्वेचा भरवसा धरू नये. न कळवता गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते.

साक्षीला वयाची अट नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देणारा कोणीही चालतो, भाऊबंदसुद्धा.

सोबत समन्स आणि आधार कार्ड घ्या. समन्सात सातबारा, पावती असे काही मागितले असेल तर मूळ कागदही. फौजदारी खटल्यात पोलिसांनी घेतलेला तुमचा जबाब सरकारी वकिलांकडे वाचून घ्या. उलटतपासात "जबाब वाचून आलात का?" असे विचारतात. वाचला असेल तर हो म्हणावे, त्यात गैर काही नाही. कोर्टात सांगितलेली गोष्ट जबाबात नसेल तर वकील तेच धरून बसतात. पोलिसांना खरोखर सांगितली असेल तर "सांगितले होते, का लिहिले नाही ते मला माहीत नाही" एवढेच पुरे. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे ज्याने बोलावले त्या बाजूने घेतलेली पहिली साक्ष, बहुधा प्रतिज्ञापत्रावर असतो. वकिलाने टाईप केलेली ओळन्‌ओळ वाचल्याशिवाय सही करू नका, उलटतपास त्याच्यावरच होतो.

साक्ष फाटते ती न आठवणारे अंदाजाने भरल्यामुळे. "हाकेच्या अंतरावर" म्हटले की "किती फूट?" विचारले जाणारच, मोजले नसेल तर तसे सांगा. तारीख आठवत नसेल तर "गणपतीत, गौरी विसर्जनाच्या दिवशी" हे उत्तर ओढूनताणून दिलेल्या तारखेपेक्षा बरे. शपथेवर जाणूनबुजून खोटे बोलल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 प्रमाणे 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुकारा होईपर्यंत दालनाबाहेर थांबा. आधीच्या साक्षीदाराची साक्ष ऐकायची नसते. उत्तर वकिलाकडे नव्हे, न्यायाधीशांकडे पाहून, थांबत द्या, कारण ते टाईप होत असते. मालवणीत बोललात तरी हरकत नाही, पण व्हाळ (ओढा), गडगा (दगडी कुंपण), मांगर (शेतातले खोपट) हे शब्द घाटावरून आलेल्या साहेबांना उलगडून सांगावे लागतात.

शेवटी साक्ष वाचून दाखवतात. चूक दिसली तर सहीआधीच बोला. नोकरीवर दाखवायला हजेरीचा दाखला आणि प्रवासभत्ता त्याच दिवशी मागा. दिवाणीत भत्ता बोलावणारा पक्षकार भरतो.