अन्ननलिकेतला मेलॅनोमा: आधी प्रश्न होता तो तिथे येतोच कसा?

मेलॅनोमा म्हटलं की त्वचेवरचा वेडावाकडा पसरणारा काळा डाग आठवतो. अन्ननलिकेला ऊन लागत नाही आणि तिथे रंगाचं काही कामही नाही. तरी क्वचित हा कर्करोग तिथेच सुरू होतो. अन्ननलिकेच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा ०.१ ते ०.२ टक्के धरतात.

स्टेथोस्कोपचे जनक रेने लेनेक यांनी १८०६ मध्ये काळ्या गाठींच्या या आजाराचं वर्णन छापलं, पण अन्ननलिकेतल्या पहिल्या रुग्णाची नोंद व्हायला आणखी शंभर वर्षं लागली. ती १९०६ मध्ये बाउर यांनी केली. त्यानंतरही अनेकांना शंका होतीच. मेलॅनोमा ज्या रंगपेशींतून होतो, त्या मेलॅनोसाइट अन्ननलिकेत असतात हे कोणी दाखवलं नव्हतं. मग गाठ तिथे दिसली तर ती दुसरीकडून पसरत आलेली असणार, असंच मानलं जाई. तर्क म्हणून त्यात चूक नव्हती.

१९५२ मध्ये गारफिंकल आणि काहान यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या पुराव्यानिशी एक रुग्ण मांडला. पुढच्याच वर्षी ॲलन आणि सोफी स्पिट्झ यांनी मेलॅनोमाच्या निदानाचे निकष दिले. (लहान मुलांमधल्या, मेलॅनोमासारख्या दिसणाऱ्या पण बहुधा निरुपद्रवी ‘स्पिट्झ नीव्हस’ला नाव मिळालं ते याच स्पिट्झबाईंचं.) त्यानुसार गाठीची रचना मेलॅनोमाची हवी, पेशींत मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण हवेत आणि शेजारच्या अस्तराच्या तळाशी रंगपेशींची विकृत वाढ दिसायला हवी. ही शेवटची खूण, म्हणजे ‘जंक्शनल’ बदल, गाठ तिथलीच असल्याचा पुरावा मानली गेली. अडचण अशी की गाठ मोठी होऊन तिच्यावर व्रण पडला की हेच अस्तर नष्ट होतं. म्हणजे रुग्ण उशिरा आला की पुरावा आधीच गेलेला असतो. आणि रुग्ण बहुधा उशिराच येतो, कारण घास अडकू लागेपर्यंत त्याला फारसं काही जाणवत नाही.

मूळ शंका फिटली ती १९६३ मध्ये. दे ला पावा आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनात मिळालेल्या शंभर निरोगी अन्ननलिका तपासल्या आणि चारांत त्यांना मेलॅनोसाइट सापडल्या. गर्भावस्थेत रंगपेशी न्यूरल क्रेस्ट या गर्भातल्या पेशीसमूहातून निघून शरीरभर जातात, त्यांतल्या काही अन्ननलिकेतही मुक्काम ठोकतात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत निर्णायक काम हेच. तेव्हापासून ‘हे शक्य आहे का’ हा वाद उरला नाही, ‘या रुग्णात तसं आहे का’ एवढंच ठरवायचं राहिलं.

तेही सोपं नाही. गाठ बहुधा खालच्या दोन-तृतीयांश भागात, आत डोकावणाऱ्या पॉलिपसारखी असते. ती काळपट असली तर एंडोस्कोपीतच संशय येतो, पण काही गाठींत रंगच नसतो. अशा वेळी बायोप्सीच्या छोट्याशा तुकड्यावरून नीट न ओळखू येणारा साधा कर्करोग, असा अहवाल सहज जाऊ शकतो. इथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ठरावीक प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी पेशी रंगवून ओळखायची पद्धत, कामी आली. एस-१०० हे प्रथिन १९६५ मध्ये गाईगुरांच्या मेंदूतून वेगळं केलं गेलं. पुढे ते मेलॅनोमातही सापडलं, आणि मेंदू व मज्जारज्जूबाहेरच्या मज्जासंस्थेचा बराच भाग व रंगपेशी यांचं मूळ एकच न्यूरल क्रेस्ट असल्याने त्यात नवल नाही. १९८०च्या दशकात एचएमबी-४५ आणि १९९०च्या दशकात मेलान-ए या मेलॅनोमा ओळखायच्या आणखी दोन चाचण्या आल्यावर बिनरंगी गाठीही ओळखता येऊ लागल्या.

मात्र या चाचण्या गाठ मेलॅनोमाची आहे एवढंच सांगतात, ती मूळची कुठली हे सांगत नाहीत. म्हणून आजही त्वचा, डोळे, गुदद्वार यांची तपासणी करावी लागते, आणि पूर्वी कधी एखादा तीळ काढून टाकला होता का, हेही रुग्णाला विचारावं लागतं.