डायनोवर दोन रनच्या मध्ये गाडी किती गार होऊ द्यायची?

पुण्यात गाडी रीमॅप करून घेणारी (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप, म्हणजे सेटिंग, बदलून ताकद वाढवून घेणारी) मंडळी आता भरपूर झालीयेत, आणि मग डायनोचा (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनचा) ग्राफ ग्रुपवर पडतो, आधी ९८ बीएचपी होती आता १०९ निघाली वगैरे. पण दोन्ही रनच्या, म्हणजे मोजणीच्या फेऱ्यांच्या, वेळी इंजिन किती तापलेलं होतं हे कुणी लिहीतच नाही, आणि ते माहीत नसेल तर त्या ११ बीएचपीतले रीमॅपचे किती आणि टेम्परेचरचे किती हे कळायला मार्गच नाही.

रन असतो जेमतेम काही सेकंदांचा, चाकं रोलरवर, एकच गिअर, फुल थ्रॉटल. पण पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांशच एनर्जी कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते. हायवेला समोरून वारा लागतो, इथे गाडी जागच्या जागी, पुढचा पंखा कितीही मोठा असला तरी तेवढा वारा सहसा मिळत नाही.

बरं, रन संपला की गाडी बंद केली म्हणजे ती गार व्हायला लागली असं आपल्याला वाटतं, पण सुरुवातीला होतं बरोब्बर उलटं. बहुतेक गाड्यांत इंजिनसोबत वॉटर पंपही थांबतो, आणि हेडमधली, एक्झॉस्टमधली उष्णता हळूहळू इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या नळ्यांमध्ये) शिरते. इग्निशन ऑन ठेवून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) इनटेकचं टेम्परेचर बघत बसा, ४०, ४४, ५१, आकडा वरच चढत जातो. म्हणून दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडं, पंखा फुल आणि इंजिन आयडलवर ठेवायचं. टर्बो गाडीला तर हे हवंच, कारण लगेच बंद केली तर लाल झालेल्या टर्बोतलं ऑइल तिथेच जळून त्याचा कार्बन बनतो.

४० अंशांची हवा ६० ची झाली की त्याच प्रेशरला ती ६ टक्के विरळ होते, शिवाय नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) नको म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन टायमिंग मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो), म्हणजे फटका दोन्हीकडून. पण सगळंच थंडगार ठेवूनही चालत नाही हां. ऑइल गार असेल तर घट्ट असतं, फ्रिक्शनमध्ये ताकद जाते, आणि कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल मागेच रेंगाळत असतं. आपल्याला हवंय गरम ऑइल आणि गार इनटेक.

'आम्ही पाच मिनिटं थांबलो होतो' याला म्हणूनच काही अर्थ नाही. कपातला चहा उकळता असताना भराभर निवतो आणि कोमट झाला की वेळ खातो, इंजिनचंही तसंच, आजूबाजूच्या हवेशी जेवढा फरक तेवढा गार व्हायचा वेग. मे महिन्यात भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधली पाच मिनिटं आणि डिसेंबरच्या सकाळची पाच मिनिटं सारखी कशी असतील? घड्याळ नको, स्कॅनर बघा.

डायनोचं सॉफ्टवेअर करेक्शन लावतं, म्हणजे आकडा ठरावीक हवेच्या हिशोबाला आणून देतं, हे खरं, आणि ते लागतंच, कारण पुणे ५६० मीटरवर आहे, इथलं प्रेशर ९५० मिलिबारच्या आसपास आणि एसएई जे१३४९ या अमेरिकन स्टँडर्डचा हिशोब २५ अंश आणि ९९० मिलिबारवर (जर्मन स्टँडर्ड डीआयएनचा २० अंश आणि १०१३ वर, त्यामुळे त्याच रनचा आकडा अजून फुगतो). पण ते खोलीतल्या हवेचं करेक्शन आहे, तापलेल्या मॅनिफोल्डचं त्याला काहीच कळत नाही. त्यात कुणी सेन्सर रेडिएटरच्या गरम झोतात ठेवला तर मशीनला वाटतं खोलीच तापलीये, आणि ते फुकटची पॉवर वाढवून देतं!

ट्यूनरला एवढंच सांगा, प्रत्येक रन सुरू करताना कूलंट, ऑइल आणि इनटेक तिन्ही आकडे शक्यतो सारखे असू दे आणि ग्राफवर लिहूनही दे. आणि शेवटी जुना मॅप परत टाकून त्याच टेम्परेचरला एक रन घ्यायला लावा. तो पहिल्या आकड्याला जुळला तर मधली वाढ मॅपची, नाही जुळला तर आधी मोजणीत काय बदललं ते शोधायचं.