गरीबगृहांच्या दफनभूमीतील थडग्यांच्या खुणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात निराधार, वृद्ध, अपंग व आजारी माणसांना काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) खर्चाने गरीबगृहात (पुअरहाउस) ठेवत; सोबत शेती असली की त्याला पुअर फार्म म्हणत. तिथे मेलेल्या बेवारस माणसाला बहुधा संस्थेच्याच जमिनीत पुरत. थडग्याशी लाकडी फळी, साधा दगड किंवा काँक्रीटचा छोटा ठोकळा एवढीच खूण असे. तिच्यावर अनेकदा नाव नसे, नुसता आकडा असे. अशा दफनभूमीला इंग्रजीत ‘पॉटर्स फील्ड’, म्हणजे कुंभाराचे शेत म्हणतात. परक्यांना पुरण्यासाठी घेतलेल्या या शेताचा उल्लेख बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात (२७.७) आहे.

आकड्यामागे काटकसर होती. नाव कोरायला पैसे लागत, वहीत लिहायला लागत नसत. त्यामुळे अशा माणसाचा खरा स्मृतिलेख म्हणजे दफनाची नोंदवही. वही गहाळ झाली की दगडावरचा आकडा मुका होतो, आणि दगड गेला की वहीतल्या नावाला जागा उरत नाही.

विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी काउंटीत हे दुसरे घडले. तिथल्या पुअर फार्मच्या एका दफनभूमीत १८८२ ते १९२५ या काळात माणसे पुरली गेली. पुढे खुणा नाहीशा झाल्या आणि जमिनीवर बांधकामे आली. १९९१-९२ मध्ये नव्या बांधकामाआधी उत्खनन झाले, तेव्हा १,६४९ दफने मिळाली. २०१३ मध्ये आणखी सहाशेहून अधिक. नोंदवही मात्र शाबूत होती. तिच्यातील नावे, वये आणि दफनांचा क्रम यांची सांगाड्यांशी सांगड घालण्याचे काम संशोधकांनी हाती घेतले. इतक्या चिकाटीचे काम फार थोड्या दफनभूमींच्या वाट्याला आले आहे.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना मदत मिळू लागली; सरकारी संस्थेत राहणाऱ्यांना ती नव्हती. गरीबगृहे ओस पडत गेली आणि दफनभूमींची देखभालही सुटली. जमिनीलगतचे ठोकळे मातीत खचले, गवताखाली गेले.

न्यूयॉर्कच्या हार्ट बेटावर १८६९ पासून शहरातील गरीब व बेवारस मृतांना पुरतात. मोठ्यांच्या पेट्या लांब चरांत तीन थरांत रचत. त्या चरांपासून दूर, एका स्वतंत्र थडग्यावर ‘एससी-बी१ १९८५’ असे लिहिले आहे: स्पेशल चाइल्ड, बेबी १. शहरात एड्सने दगावलेले ते पहिले बाळ.