जीनोम संशोधनातील लोकसमूहांचे प्रतिनिधित्व

आजारांची जनुकीय कारणे शोधणाऱ्या अभ्यासांत जगातील सर्व लोकसमूहांचा पुरेसा सहभाग असावा, यासाठी चालणारे प्रयत्न या विषयात मोडतात. आफ्रिकी, दक्षिण आशियाई, लॅटिन अमेरिकी आणि आदिवासी समाज या अभ्यासांत फार थोडे दिसतात. संपूर्ण जीनोम, म्हणजे व्यक्तीचा सगळा डीएनए, चाळून आजार आणि जनुकीय बदल यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतील सहभागींचा हिशेब २००९ मध्ये मांडला गेला, तेव्हा त्यांतील ९६ टक्के युरोपीय वंशाचे निघाले. २०१६ च्या मोजणीत हे प्रमाण ८१ टक्क्यांवर आले. ही घट मुख्यतः आशियाई सहभागी वाढल्यामुळे झाली होती. आफ्रिकी वंशाचे लोक तेव्हाही ३ टक्क्यांच्या आसपासच होते.

असे होण्यामागे पैसा आणि सोय ही मोठी कारणे आहेत. निधी, प्रयोगशाळा आणि नमुन्यांचे मोठे साठे युरोप-अमेरिकेत होते. शिवाय मिश्र वंशाच्या गटात आकडेमोड अवघड होते, म्हणून गोळा झालेले इतरांचे नमुनेही विश्लेषणाच्या वेळी अनेकदा बाजूला ठेवले गेले. ही सवय शास्त्रालाच महागात पडली. मानवजात आफ्रिकेत सर्वाधिक काळ राहिली, त्यामुळे सर्वाधिक जनुकीय विविधताही तिथेच आहे. बाहेर पडलेल्या छोट्या टोळ्यांनी तिचा काही भागच सोबत नेला. २०२० मध्ये आफ्रिकेतील ५० वांशिक-भाषिक गटांमधल्या अवघ्या ४२६ जणांच्या जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वी कधीच न नोंदलेले ३० लाखांहून अधिक बदल सापडले.

या उणिवेचा फटका रुग्णाला कसा बसतो, हे हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात स्पष्ट दिसते. हा आजार एकाला असल्याचे कळले, की भावंडांची आणि मुलांचीही तपासणी होते. कारण तो तरुणपणी अचानक मृत्यू ओढवू शकतो. आजाराला कारणीभूत म्हणून नोंदलेले काही बदल प्रत्यक्षात निरुपद्रवी असून कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये सर्रास आढळतात, असे २०१६ मध्ये उघड झाले. त्या बदलांच्या आधारे काही रुग्णांना चुकीचे निदान मिळाले होते. मूळ अभ्यासांतील निरोगी तुलना-गटात थोडे कृष्णवर्णीय लोक असते, तरी बहुतेक चुका टळल्या असत्या, असे संशोधकांनी आकडेमोडीने दाखवले. एवढ्या छोट्या दुर्लक्षाची किंमत कुटुंबांनी मोजावी, हे अक्षम्य आहे.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. पीसीएसके९ या जनुकाचा कोलेस्टेरॉलशी संबंध २००३ मध्ये फ्रान्समधील काही कुटुंबांमुळे लक्षात आला. मात्र ते जनुक निकामी झाले तर काय होते, हे पुढच्या काही वर्षांत आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या अभ्यासातून कळले. त्यांच्यातील सुमारे २.६ टक्के लोकांमध्ये या जनुकाला निकामी करणारे बदल आढळले. त्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या औषधांना २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ती आज कोणत्याही वंशाच्या रुग्णाला दिली जातात.

अनेक जनुकीय बदलांची बेरीज करून आजाराचा धोका वर्तवणारे गुणांकही याच असमतोलातून घडले आहेत. युरोपीय माहितीवर बेतलेले गुणांक आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी कित्येक पटींनी कमी अचूक ठरतात. ते तसेच दवाखान्यात वापरले, तर आधीच मागे पडलेल्या समाजांची आरोग्यातील पिछेहाट वाढेल.

नमुने वाढवायचे म्हटले तरी विश्वास आधी कमवावा लागतो. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीने १९९० च्या दशकात मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिले होते. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातील विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर या विषयांसाठी वापरले गेले. स्थलांतराचा निष्कर्ष तर जमातीच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेलाच छेद देणारा होता. न्यायालयीन लढ्यानंतर २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर भरपाई मिळाली आणि उरलेले रक्तही परत करण्यात आले. अमेरिकेतीलच नावाहो राष्ट्र या आदिवासी समाजाने तर २००२ मध्येच आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनाला स्थगिती दिली होती. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. संमतीपत्रावर एकदा सही घेतली की काम झाले, ही समजूत अशा घटनांनी मोडीत काढली. नमुना कुठे राहील, कशासाठी वापरला जाईल आणि नको म्हणण्याचा अधिकार कुणाला, हे समाजासोबत बसूनच ठरवावे लागते.

मोठ्या प्रकल्पांपैकी आफ्रिकेतील जीनोम संशोधनाच्या ‘एच३आफ्रिका’ने नमुन्यांबरोबर आफ्रिकेतल्याच प्रयोगशाळा आणि संशोधक घडवण्यावर भर दिला, माझ्या मते हाच सर्वांत टिकाऊ मार्ग. अमेरिकेच्या ‘ऑल ऑफ अस’ने २०२४ मध्ये २,४५,३८८ जीनोमची माहिती प्रसिद्ध केली. त्यातील ७७ टक्के सहभागी आजवर संशोधनात कमी दिसलेल्या गटांतले होते. भारताच्या ‘जीनोमइंडिया’ने सुमारे १०,००० जणांचे जीनोम वाचले. तुलनेसाठी वापरला जाणारा जुना संदर्भ-जीनोम मुख्यतः एकाच व्यक्तीच्या डीएनएवर उभा होता. २०२३ मध्ये ४७ व्यक्तींवर आधारित ‘पॅनजीनोम’चा, म्हणजे अनेकांच्या जीनोममधून बनवलेल्या संदर्भाचा, पहिला मसुदा आला.

दवाखान्यात मात्र जुन्या उणिवेचे परिणाम अजून जाणवतात. युरोपेतर रुग्णांच्या जनुकीय अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा अधिक वेळा येतो, कारण तुलनेला पुरेशी माहितीच नसते. माहिती वाढली की शेरा बदलतो. पण तो बदल जुन्या रुग्णापर्यंत पोहोचवण्याची पक्की व्यवस्था अनेक ठिकाणी अजून नाही.