मेंदूतलं 'लुकण'

अंधारात पाणी प्यायला उठावं आणि पायाची करंगळी उंबऱ्यावर आपटावी. आधी सण्णकन एक कळ मस्तकात जाते. मग क्षणभर काहीच नाही, आणि त्यानंतर खरा ठणका सुरू होतो. ठेच एकच, पण वेदना दोन हप्त्यांत पोचते. कारण करंगळीकडून निघालेला निरोप दोन तऱ्हेच्या तंतूंमधून येतो. काही तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, त्यांच्यातून तो सेकंदाला 5 ते 30 मीटर धावतो. उघड्या तंतूंमध्ये हाच वेग जेमतेम एक मीटरच्या आसपास.

हे आवरण चेतापेशी स्वतः बनवत नाही. शेजारची एक वेगळीच पेशी आपलं पातळ पटल तिच्या तंतूभोवती गुंडाळत जाते, फेट्यासारखे वेढ्यावर वेढे देत. हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान पेशी करतात, मेंदूत आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट. अशा सगळ्या सोबतिणींचं एकत्रित नाव ग्लिया.

नाव मात्र त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. 1856 साली जर्मन वैद्यक-संशोधक रुडॉल्फ फिरखो यांना चेतापेशींच्या मधली जागा भरून काढणारा एक पदार्थ तेवढा दिसला. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ. त्यांचा जर्मन शब्द तर थेट 'नसांचं लुकण' असा होता. खिडकीची काच बसवताना सुतार कडेला भरतो ते लुकण. पुढची शंभर वर्षं संशोधकांनी विजेच्या तारा टोचून मेंदूचं बोलणं ऐकलं. चेतापेशी ठिणग्या टाकत होत्या, ग्लिया तशा ठिणग्या टाकत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्या चेतापेशींच्या दहापट आहेत, हेही कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत छापलं जात होतं. 2009 मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा चेतापेशी भरल्या सुमारे 8,600 कोटी, आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून जवळपास तेवढ्याच.

त्यांतली मला सगळ्यात थक्क करते ती चांदणीच्या आकाराची ॲस्ट्रोसाइट. तिचा एक पाय बारीक रक्तवाहिनीवर टेकलेला, आणि बाकीचे फाटे चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या सांध्यांभोवती. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण ऊर्जा तो वीस टक्के खातो. तरीही चेतापेशीच्या घरात साठवण जवळजवळ नाहीच. मेंदूतलं ग्लायकोजेन, म्हणजे अडीअडचणीची शिधासामग्री, असतं ते मुख्यतः ॲस्ट्रोसाइटकडे. गरज पडली की ती त्यातून लॅक्टेट करून शेजारणीला पुरवते.

दुसरं काम त्याहून नाजूक. एक चेतापेशी दुसरीला चेतवण्यासाठी ग्लुटामेट सोडते. ते सांध्यात साचून राहिलं तर पुढची पेशी चेतत राहते आणि अतिश्रमाने मरते. ॲस्ट्रोसाइट ते झटपट शोषून घेते, त्याचं निरुपद्रवी ग्लुटामाइन करते आणि पुन्हा वापरायला परत देते. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की ही उचलण्याची ताकदच संपते. ग्लुटामेट साचतं आणि पेशी मरू लागतात. पक्षाघाताच्या रोग्याला हलवताना मिनिटं मोजायची, त्यामागचं हे एक मोठं कारण.

मायक्रोग्लिया ही मेंदूची राखण. गर्भाला जोडलेल्या पीतक-कोश नावाच्या पिशवीत जन्मून त्या फार लवकर मेंदूत येतात आणि तिथल्याच होतात. त्या स्वस्थ बसून असतात असा समज होता. 2005 मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत पाहिलं, तर त्यांचे फाटे सतत भोवताल चाचपत होते.

हातापायांतल्या श्वान पेशींचं मोल आपल्याकडे फार जवळून कळलेलं आहे. कुष्ठरोगाचा जंतू त्यांच्यात घर करतो. कोपराशी हात लावला तर नस दोरीसारखी जाड लागते. हळूहळू तिच्या हद्दीतली जाणीव जाते, चुलीवरचं भांडं उचललं तरी चटका कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा चिघळून बोटं जातात. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं ते अशाच माणसांसाठी. आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवलेला कळत नसेल, तर त्याच आठवड्यात दाखवून यावं.